पट्टा पिशवीत ठेवणारे उस्ताद

उस्तादांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, खांद्यावर कुणाची तरी ओढणी होती आणि कडबा कुट्टीच्या मशीनसमोर उभे राहून ते तीन धडधाकट पुरुषांवर ओरडत होते. त्या तिघांच्याही हातांत बांगड्या होत्या. माझा नोकरीचा पहिला दिवस. नवी वही छातीशी धरून मी दुकानाच्या दारात उभी. वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिलं, 'एक : हे काय चाललंय ते विचारणे.'

विचारावं लागलं नाही. तिघांतला एक, नुकताच एम.बी.ए. होऊन आलेला सेल्समन, बांगड्या काढून टेबलावर आपटत म्हणाला, "मी इथं बांगड्या भरायला आलो नाही. हा अपमान आहे."

उस्ताद शांतपणे म्हणाले, "बांगडीनं अपमान हुतो? मग तुझी आई रोज काय घालती बे?"

मग त्यांनी एक ऊस घेतला. त्याला जुन्या ब्लाउजची बाही चढवली, बाहीवरून दोन बांगड्या सरकवल्या, मोटर चालू केली आणि ऊस मशीनच्या तोंडाशी नुसता टेकवला. आत ओढून घेणाऱ्या रोलरनं आधी बाहीचा धागा धरला. पुढं काय झालं ते डोळ्यांना नीट दिसलंसुद्धा नाही. बांगड्या फुटल्याचा आवाज आला आणि दुसऱ्या बाजूनं हिरव्या काचा मिसळलेला उसाचा भुगा पडला. एम.बी.ए.वाल्यानं टेबलावरच्या बांगड्या उचलून मुकाट्यानं पुन्हा घातल्या.

बीडच्या मोंढ्यामागे, म्हणजे धान्यबाजारामागे, शेतीच्या अवजारांची ती एजन्सी होती. कुट्टी मशीन हा आमचा मुख्य माल. कडबा, मका, गवत असं काहीही एका बाजूनं घातलं की दुसऱ्या बाजूनं बारीक तुकडे. जनावरं ते वाया न घालवता खातात, म्हणून जिल्ह्यात घरोघरी हे मशीन आहे. माझ्याकडे तीन रजिस्टरं होती : विक्री, दुरुस्ती आणि प्रशिक्षण. उस्तादांकडे माणसं होती. नव्या कामगारांना तयार करायचं आणि मशीन घेणाऱ्या गिऱ्हाइकाला ते चालवायला शिकवायचं, ही दोन्ही कामं त्यांची. आमचे शेठ त्यांना 'ट्रेनिंग इन्चार्ज' म्हणायचे. बाकी सगळा मोंढा 'उस्ताद' म्हणायचा.

साठी ओलांडलेली, बारीक अंगकाठी, राखाडी शर्ट, खिशात पेनाऐवजी दहा-बाराचा पाना आणि काखेत कायम एक कापडी पिशवी. पूर्वी परळीला एका वर्कशॉपमध्ये होते. शिक्षण विचारलं की दोन्ही पंजे पुढं करायचे. "दहाच्या दहा हायती, मोजून घ्या. चाळीस वर्सं मशीनीत हात घालून दहा राहिली. ह्याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कोन्या कॉलेजात मिळतं?"

त्या पिशवीमुळेच शेठना रक्तदाब होता असं मला वाटतं. गिऱ्हाईक मशीन घ्यायचं, हळदीकुंकू लावायचं, नारळ फोडायचं, फोटो काढायचं, टेम्पोत घालून गावाकडं न्यायचं. घरी जाऊन बघतं तर मोटर आहे, चाक आहे, पण मोटरची ताकद चाकाला पोचवणारा रबरी पट्टा नाही. तो उस्तादांच्या पिशवीत. त्याच्याशिवाय मशीन म्हणजे अंगणात ठेवलेलं लोखंड.

दुसऱ्या दिवशी माणूस तणतणत यायचा. "उस्ताद, पट्टा राहिला की हो!"

"राहिला न्हाई. ठेवला."

"कावून?"

"मशीन तुमी घेतली, कबूल. चालवणार कोण?"

"कोण म्हंजे? घरातलं माणूस."

"माणूस का बाई?"

इथं समोरचा अडखळायचा. कारण उत्तर सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. मशीन घ्यायला पुरुष येतो, फोटोत पुरुष असतो, वॉरंटी कार्डावर पुरुषाचं नाव. वैरण बाई कापते. रोज, सकाळ-संध्याकाळ. आणि तिनं ते दुकान जन्मात पाहिलेलं नसतं.

"मग तिला आना," उस्ताद म्हणायचे. "इम्तिहान देऊ द्या. पास झाली का तिच्या हातात पट्टा. तुमच्या हातात न्हाई."

इम्तिहानात तीन गोष्टी होत्या. मी त्या पहिल्याच आठवड्यात लिहून घेतल्या आणि आजही माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या आहेत. पदर खोचून, बांगड्या वर सारून रुमालानं बांधायच्या. शेवटची पेंढी हातानं आत सारायची नाही, तिच्यामागं दुसरी पेंढी लावायची. दुसरी नसेल तर ती मशीनच्या तोंडातच राहू द्यायची. आणि डोळे मिटून लाल दांड्यावर हात न्यायचा. मशीनच्या बाजूला एक लाल मुठीचा दांडा असतो. तो मागं ओढला की रोलर उलटे फिरतात आणि आत गेलेली वस्तू बाहेर येते. पेंढी अडकली तर पेंढी, हात अडकला तर हात. "हात आत गेल्यावर कुनी बघत न्हाई दांडा कुठं हाय," उस्ताद म्हणायचे. "तवा डोळे असून नसल्यावानीच. म्हनून आदीच डोळे मिटून शिकायचं."

शिकवताना ते स्वतः मशीनला हात लावत नसत. हात पाठीमागं बांधून उभे राहायचे आणि आमच्या कामगारांनाही तसंच उभं करायचे. कामगारानं मधेच पुढं होऊन "थांबा वैनी, मी दाखवतो" असं म्हटलं की संपलं. "तू दाखवलंस, तुला आलं. त्यांला काय आलं?" बाईला एकदा जमलं की तिनं ते जावेला नाहीतर सासूला शिकवून दाखवायचं. तेव्हा कुठं माझ्या रजिस्टरात टिकमार्क.

पाली गावातल्या एका घरात सून दोनदा नापास झाली. ती घाबरून दांडा पुढं ढकलायची. कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली सासू उठली, पदर खोचला, डोळे मिटले आणि तिन्ही गोष्टी एका दमात करून परत लसणाकडं गेली. उस्तादांनी पट्टा तिच्या मांडीवर ठेवला. मुलगा म्हणाला, "अवो, मशीन माझ्या नावावर हाय!"

"मशीन राहू दे तुमच्या नावावर. पट्टा अम्मांच्या नावावर. सुनंला शिकवतील त्या."

म्हातारी म्हणाली, "हिला मी सैपाक शिकवला, हे काय अवघड हाय?" आणि सून जोरात हसली. पुढच्या आठवड्यात सून पास झाल्याचा निरोप आला.

नव्या कामगारांना पहिले दहा दिवस पान्याला हात लावायला बंदी असे. त्यांनी गावात जायचं, गोठ्याशी बसायचं आणि बाई वैरण कशी घालते ते नुसतं बघून यायचं. संध्याकाळी उस्ताद विचारायचे : उजव्या हातानं घालती का डाव्या? लेकरू काखेत असतं का? बोलती का कुनाशी? उत्तर आलं नाही की दुसऱ्या दिवशी परत गोठा. बांगड्या त्यानंतर. त्या ते कासाराकडून पुरुषी मनगटात जातील अशा मोठ्या मापाच्या शोधून आणायचे. कासार दर वेळी विचारायचा, "उस्ताद, आज कुनाची ओटी भरायलात?" उस्ताद म्हणायचे, "चार दाढीवाल्यांची."

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण मला आता हसू येत नाही. गेली काही वर्षं मी वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रशिक्षणांची व्यवस्था बघते. हॉटेलचा हॉल, पडद्यावर रंगीत चौकोन, खिशाला नावाची पट्टी, दोन वेळा चहा, शेवटी प्रमाणपत्र आणि सगळ्यांचा अंगठे वर केलेला फोटो. मी मागं बसून एकच गोष्ट मोजते : जी वस्तू शिकवायची होती तिला किती जणांनी हात लावला? बहुतेक वेळा आकडा शून्य असतो. आणि तरी अहवालात 'प्रशिक्षण यशस्वी' असं लिहितात. कोण यशस्वी? चहावाला?

मशीन बनवणाऱ्या कंपनीनं एकदा उस्तादांसाठी एक फिल्म पाठवली होती. यापुढं तीच दाखवायची, असा हुकूम. फिल्ममध्ये हेल्मेट, हातमोजे आणि बूट घातलेला एक गोरापान माणूस हिरव्यागार लॉनवर गवत कापत होता. उस्तादांनी ती पूर्ण पाहिली. मग शेठना विचारलं, "ह्यो कोन? ह्याच्या घरची बाई कुठं गेली? आन ह्याची म्हैस कुठं हाय?" शेठ म्हणाले, "उस्ताद, जमाना बदललाय." उस्ताद म्हणाले, "रोलर बदलले का?"

शेठ वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. ते घाईत असलेले माणूस होते. जगातलं बरंच नुकसान अशाच माणसांनी केलं आहे आणि मी त्यांच्याकडं पगारी नोकर होते.

एका पुढाऱ्यांच्या संस्थेनं महिला बचत गटांना पंचवीस मशीनं वाटायची ठरवली. आमच्या दुकानासाठी वर्षातली सर्वांत मोठी ऑर्डर. धारूरच्या वाटेवर एका मैदानात मांडव उभा राहिला. मांडवाइतकाच लांब बॅनर होता : 'भव्य कुट्टी यंत्र वाटप व प्रशिक्षण मेळावा'. पुढाऱ्यांना सगळे बापू म्हणायचे. छापील कार्यक्रमपत्रिका माझ्याकडं अजून आहे. स्वागत, दीपप्रज्वलन, सत्कार, आणखी सत्कार, मनोगतं, वाटप. मग एक ओळ, 'प्रशिक्षण, पंधरा मिनिटे'. मग भोजन.

उस्तादांनी आठवडाभर आधी मागणी लिहून दिली होती. विजेला जोडलेलं एक मशीन, ओल्या मक्याच्या पंचवीस पेंढ्या, बायका पुढं आणि पुरुष मागं. यादी मीच टाईप केली होती. मैदानात गेल्यावर दिसलं ते असं : वीज लाउडस्पीकरला जोडलेली, पेंढ्या नाहीत, पुढं सोफ्यावर पाहुणे, त्यांच्यामागं पुरुष आणि बायका पार कडेला, उन्हात. स्टेजवर एक मशीन होतं. त्याला झेंडूचा हार घातला होता आणि हार निसटू नये म्हणून तो लाल दांड्याला गाठ मारून बांधला होता.

मनोगतं लांबली. जेवणाचा वास सुटला. निवेदक म्हणाला, "आता उस्ताद दोन शब्दांत प्रशिक्षण देतील."

उस्तादांनी माइक घेतला. "दोनच शब्द सांगतो. पट्टे माझ्यापाशी हायती. पंचवीस घरी मी सोता येनार. बाई इम्तिहान देईल, पट्टा घेईल. आज जेवून घ्या."

मांडवात कुजबुज झाली, मग गलका. बापू सोफ्यावरून उठून स्टेजजवळ आले. हसत होते, पण ओठांनीच.

"उस्ताद, लोकं तापायलीत. देऊन टाका."

"देतो ना बापू. एकेक बाई येऊ द्या, हितंच बसतो. पंचवीस बायका, दोन दिवस."

"दोन दिवस? पाव्हन्याची गाडी चालू करून ठेवलीय तिकडं! लोकांनी अर्धीच मशीन नेली तर मला काय म्हनतील?"

"अर्धी न्हाई बापू. बिनधोक्याची."

बापूंनी शेठकडं नुसतं पाहिलं. शेठ घामाघूम होत आले आणि त्यांनी उस्तादांच्या काखेतली पिशवी ओढली. उस्तादांनी झोंबाझोंबी केली नाही. एवढ्या लोकांसमोर शेठची इज्जत राहावी म्हणून त्यांनी हात सोडला. फक्त म्हणाले, "शेठ, बोटं कापायचं मशीन आपुन इकतो. जोडायचं मशीन आपल्यापाशी न्हाई."

शेठनी पिशवी माझ्या हातात दिली. "मॅडम, पटापट उरका. यादी पूर्ण पाहिजे."

आणि मी उरकलं. मला उरकता येतं, तोच माझा गुण. दोन रांगा केल्या. एका रांगेत पुरुष, ते पट्टे घेऊन जात होते. दुसऱ्या रांगेत बायका, त्या 'प्रशिक्षण मिळाले' या रकान्यासमोर सही करत होत्या किंवा अंगठा देत होत्या. वीस मिनिटांत पंचवीस ओळी. शेवटी 'प्रशिक्षकाची सही' अशी जागा होती. उस्ताद मांडवाबाहेर जाऊन उभे होते. शेठ म्हणाले, "तुम्हीच करा." मी उस्तादांचं नाव लिहिलं, त्यापुढं 'करिता' लिहिलं आणि माझी सही केली. ऑफिसात आपण रोज करतो तशी. साहेब जागेवर नाहीत, करिता. साहेब जेवायला गेलेत, करिता. एकही चौकोन रिकामा नव्हता, आणि मला समाधान वाटलं हे मी लपवणार नाही.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी वर्कशॉपच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या.

मी म्हटलं, "उस्ताद, शेठनी तुम्हाला काढलेलं नाही."

"आन मी बी चाललो न्हाई. कागदावर तुमीच एक उस्ताद तयार केलाय न्हवं का? लई चांगला हाय तो. वीस मिन्टांत पंचवीस बायका शिकवतो. त्यालाच ठेवा." त्यानंतर ते दुकानात आले नाहीत.

दीड महिन्यानं फोन आला. यादीतला अनुक्रमांक सतरा. मला नाव आठवेना, नंबर आठवला. तेव्हा यादी काढून बघितली. मंदाबाई, धारूरच्या डोंगराकडची. उजव्या हाताची चार बोटं गेली होती.

शेठनी मला बोलावून एक टाईप केलेला कागद दिला. संस्थेला आणि कंपनीला अपघाताचा अहवाल जाणार होता, त्याला जोडायचा जबाब. 'मला यंत्राचे संपूर्ण प्रशिक्षण मिळाले होते. अपघात माझ्या निष्काळजीपणामुळे झाला.' खाली अंगठ्याची जागा.

मी म्हटलं, "शेठ, तिचा उजवा हात..."

"चार बोटं गेलीत ना? अंगठा आहे ना? मग अंगठा घ्या." थोडं थांबून म्हणाले, "नाहीतर डावा घ्या."

सरकारी दवाखान्यात खाटेशेजारी मंदाबाईंची सासू बसली होती. मी कोण हे कळताच ती म्हणाली, "हिचं ध्यानच नसतंय कशात. इतक्या बायकांला मिळाली मशीन, कुनाला काय झालं? हिलाच कसं झालं?" मंदाबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. त्यांचा नवरा खाली मान घालून म्हणाला, "मी सांगितलं व्हतं हिला, असं सारायचं, असं बटन दाबायचं. मला जेवढं समजलं तेवढं." त्याला तरी कुणी काय सांगितलं होतं? त्याला मी पट्टा दिला होता, बास.

सासू पाणी आणायला गेली तेव्हा मंदाबाई वळल्या. माझ्या हातातल्या कागदाकडं त्यांनी पाहिलंही नाही.

"ताई, एक इचारू? त्यो लाल दांडा कशाचा हाय?"

मी कागद पाठीमागं धरला.

"हात आत गेला तवा डावा हात त्याच्यावरच व्हता. धरून उभी व्हते मी. वाटलं, त्याला काय केलं तर आनखी बिघडंल."

दांडा त्यांच्या मुठीत होता. नुसता मागं ओढायचा होता. मी तो जबाबाचा कागद घडी करून पर्समध्ये घातला आणि तिथून थेट उस्तादांच्या घरी गेले.

ते दारात सायकलची चेन साफ करत होते. मी सगळं सांगितलं. लाल दांड्याचं ऐकल्यावर ते चेन हातात घेऊनच पायरीवर बसले. मला वाटलं आता माझ्यावर ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पिशवी मी सोडली," ते म्हणाले. "म्या म्हनलं, शेठची चार लोकांत बेइज्जती नको. कुनाची इज्जत संभाळली मी?" मग माझ्याकडं बघितलं. "कागदावर शिकवनारा कोन लिवलाय?"

"तुम्ही."

"खोडा."

मी दुकानात परत आले. प्रशिक्षण रजिस्टर काढलं, लाल पेन घेतला आणि पंचवीसही ओळींसमोर लिहिलं, 'प्रशिक्षण दिले नाही.' प्रत्येक ओळीपुढं सही केली. या वेळी 'करिता' नाही. मग एक पत्र लिहिलं. मेळाव्यात काय झालं, सह्या कुणी घेतल्या, प्रशिक्षकाच्या जागी सही कुणी केली. एक प्रत कंपनीला, एक संस्थेला, एक मंदाबाईंना.

शेठ काचेच्या केबिनमधून बाहेर आले. "मॅडम, तुम्ही काय करताय समजतंय का? यात तुमचं नाव येतंय."

"माझंच यायला पाहिजे. सही माझी आहे."

"आणि दुकानाचं?"

"पिशवी कुणी ओढली तेही लिहिलंय."

त्यांनी मला जा म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी होती आणि तिच्यापुढं नवं, कोरं रजिस्टर होतं. अहवालात मात्र 'वापरकर्तीचा निष्काळजीपणा' हे शब्द राहिले नाहीत. त्या पत्रानंतर ते ठेवायची कुणाची छाती झाली नाही. मी मंदाबाईंच्या घरी जाऊन ते पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. सासूनं विचारलं, "म्हंजे हिची चूक न्हवती?" मी म्हटलं, "नव्हती. आमची होती." सासू उठली आणि मंदाबाईंच्या ताटात स्वतः भाकरी कुस्करून दिली.

उस्ताद बरोबर आले होते. मला वाटलं होतं, मी नोकरी घालवली, निदान 'शाब्बास' तरी म्हणतील. ते म्हणाले, "चोवीस घरं बाकी हायती. यादी हाय न्हवं तुमच्यापाशी?"

यादीची माझी स्वतःची प्रत होती. असतेच.

आधी त्यांनी तिथंच मंदाबाईंच्या जावेचा इम्तिहान घेतला, कारण मशीन दारात उभं होतं आणि आता तीच ते चालवत होती. मंदाबाई उंबऱ्यावर बसून बघत होत्या. जावेनं शेवटच्या पेंढीला हात लावला तेव्हा उस्तादांच्या आधी त्याच ओरडल्या. उस्ताद माझ्याकडं वळून म्हणाले, "हे बघा. आपल्याला मानूस मिळालं."

कामगार नाहीत, गाडी नाही, पगार नाही. उस्ताद, मी आणि मंदाबाई, एसटीनं आणि मिळेल त्या रिक्षानं. पट्टे आता आमच्याकडं नव्हते, घरोघरच्या चाकांवर चढलेले होते. अडवून धरायला हातात काही नाही. नुसतं दारात जाऊन सांगायचं, की आम्ही शिकवायचं राहिलं होतं ते शिकवायला आलोय.

पहिल्याच घरी मालक बाजेवर बसला होता. मशीन गोठ्यासमोर चालू होतं. एक बाई आमच्याकडं पाठ करून मका आत सारत होती. हातानं. पदर सुटलेला.

उस्ताद म्हणाले, "मशीन बंद करा आन वैनीला जरा हिकडं बोलवा."

"ती कामात हाय," तो म्हणाला. "आन दोन-तीन महिनं झालं, चालवती की ती. काय सांगायचं ते मला सांगा. मी सांगतो तिला."

उस्तादांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मंदाबाईंनी त्यांना डाव्या हातानं थांबवलं. त्या पुढं झाल्या, उजव्या हातावरचा पदर बाजूला केला आणि तो हात त्या माणसाच्या समोर बाजेवर ठेवला.

"मलाबी नवऱ्यानंच सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या.

तो माणूस उठला, मशीनपाशी गेला आणि त्यानं बटण बंद केलं.